धडगावकडून आणलेली मोहाची दारू निळसर-हिरवी दिसतेय, प्यायली तर चालेल का?

नाही भाऊ, अजिबात पिऊ नका, तो रंग तांब्याचा आहे. जळगावला केमिस्ट्री शिकवतो म्हणून सांगतो, मोहाची फुलं जास्त आंबली की व्हिनेगरवालं आम्ल बनतं, त्याची वाफ दारू गाळायच्या तांब्याच्या नळीतला हिरवा थर विरघळवते आणि तेच पाणी बाटलीत उतरतं, बिनकल्हईच्या भांड्यात ताक कळकतं ना तसंच. गडद निळा असेल तर अमोनियाचा संशय घ्या, म्हणजे नवसागर नाहीतर युरिया टाकलेला असू शकतो, हे तर फारच वाईट. मळमळ, उलट्या, पोटदुखी होते याने. आधीच घेतली असेल आणि त्रास होत असेल तर लगेच दवाखान्यात जा. फक्त रंग नाही म्हणजे चांगली असंही धरू नका, मिथेनॉल या विषारी अल्कोहोलला रंगच नसतो आणि त्याने डोळे जातात.