नागपूरहून ट्रेनिंगसाठी मुंबईत येतेय. तीन संध्याकाळी मोकळ्या आहेत, एकटी आहे. काय पाहू?

तुम्ही लिहिलंय की गुरुवार ते शनिवार बांद्र्याला ट्रेनिंग, सहाला सुटका, मुक्काम दादरला, पबमध्ये रस नाही आणि रविवारी रात्री सीएसएमटीहून परतीची गाडी. मग माझं उत्तर सरळ आहे. शनिवारची रात्र शिवाजी मंदिरात नाटकाला द्या आणि बाकीचं सगळं तिच्या आगेमागे बसवा.

मी परळची. वडील गिरणीत होते आणि दामोदर नाट्यगृह घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर. नाटकं, नमनं आणि शक्ती-तुऱ्याचे सामने या कोकणातल्या लोककला, सगळं मी तिथे वडिलांच्या मांडीवर बसून पाहिलंय. 1922 सालचं ते नाट्यगृह 2023 मध्ये नव्या बांधकामासाठी बंद झालं. त्या फाटकावरून आजही जाताना मला गलबलून येतं. तेव्हापासून माझी नाटकं दादरलाच होतात.

शिवाजी मंदिर दादर पश्चिमेला, प्लाझा सिनेमाच्या समोर. 1965 पासून तिथे नाटकं होतायत. स्टेशनवरून चालत पाच-सात मिनिटं. तिकीट मोबाइलवर मिळतं, पण तुम्ही दादरलाच राहताय तर गुरुवारी सकाळी खिडकीवर जा. आत बसलेले काका प्लॅन पुढे सरकवतात, गेलेल्या खुर्च्यांवर खुणा असतात, आपण बोट ठेवायचं. सातव्या ते दहाव्या रांगेतली मधली खुर्ची मागा. पहिल्या रांगेत मान वर करून बसावं लागतं आणि बाल्कनीतून चेहऱ्यावरचं काही दिसत नाही. एकटं असण्याचा इथे मोठा फायदा आहे. जोडीने येणाऱ्यांना शेजारी शेजारी दोन खुर्च्या हव्या असतात, त्यामुळे जवळजवळ भरलेल्या प्रयोगालाही मध्येच एखादी सुटी खुर्ची उरलेली असते. ‘एकच द्या’ म्हटलं की काम होतं. साधारण तीनशे ते पाचशे रुपये धरा.

कोणतं नाटक, हे मी सांगत नाही. गुरुवारच्या मराठी पेपरातल्या नाटकांच्या जाहिराती बघा आणि ज्या नटाला किंवा नटीला तुम्ही फक्त टीव्हीवर पाहिलंय, त्यांचं नाव शोधा. ओळखीचा चेहरा वीस फुटांवर श्वास घेताना दिसला की काय होतं, ते अनुभवाल.

तिसऱ्या घंटेआधी खुर्चीवर असा. मध्यंतरात बटाटेवडा घ्या, पण पडदा पडताच उठा, कारण रांग लगेच लागते. आणि नाटक संपल्यावर बाहेर पडायची घाई करू नका. आपल्याकडे प्रयोगानंतर प्रेक्षक आत जाऊन कलाकारांना भेटतात. अर्धा मेकअप उतरलेला, घामाने भिजलेला माणूस तुमच्याशी दोन मिनिटं उभं राहून बोलतो. कुठून आलात विचारतो. नागपूर म्हणालात तर तिथल्या एखाद्या प्रयोगाची आठवण निघेलच. संकोच करू नका, ‘काम आवडलं’ एवढं म्हटलं तरी पुरतं.

मग बाहेर येऊन, नाटकाचं सामान ज्यात चढवतात त्या टेम्पोपाशी पाच मिनिटं थांबा. माझ्यासाठी अख्ख्या रात्रीतला हा सगळ्यात मोलाचा भाग आहे. दुसऱ्या दिवशी प्रयोग कदाचित ठाण्याला किंवा पुण्याला असतो, म्हणून बॅकस्टेजची मंडळी तिथल्या तिथे नेपथ्य उतरवायला घेतात. मघाशी जी भिंत घराची होती, तिच्यावर फोटो होता आणि आपण रडत होतो, ती दोघं जण आडवी धरून आणतात. मागून दिसते ती नुसती लाकडी चौकट, मांजरपाट आणि खिळे. दार वेगळं येतं, त्याची कडी अजून हलत असते. शेवटी सोफा. कोणी आवाज चढवत नाही, कुठला तुकडा आधी आत जायचा ते सगळ्यांना पाठ असतं. मी हे कितीतरी वेळा पाहिलंय, तरी दरवेळी थांबते.

आता गुरुवार. संध्याकाळी बांद्र्याहून चर्चगेटची लोकल पकडा. त्या वेळची गर्दी उलट्या दिशेला असते, बसायलाही मिळेल. चर्चगेटहून टॅक्सीने एनसीपीए, म्हणजे नाटक-संगीताचं मोठं कलाकेंद्र, नरिमन पॉइंटच्या अगदी टोकाला. त्यांचं वेळापत्रक आधी बघून ठेवा. टाटा थिएटरमध्ये गाण्याची मैफल असेल तर दुसरा विचारच करू नका. 1980 साली उघडलेलं ते सभागृह अशा बेताने बांधलंय की रंगमंचावरचा हळू आवाजही मागच्या रांगेपर्यंत पोहोचावा. सुटल्यावर मरीन ड्राइव्हच्या कट्ट्यावरून चर्चगेटच्या दिशेने चालत या. रात्री दहालाही तिथे बायका, मुलं, म्हातारी माणसं बसलेली असतात.

शुक्रवारी पृथ्वी थिएटर. विलेपार्ल्याला उतरून रिक्षाने जुहू. 1978 सालचं, जेमतेम दोनशे खुर्च्यांचं, तीन बाजूंनी प्रेक्षक आणि मध्ये नट. उशीर झाला तर आत सोडत नाहीत, विनवण्या करूनही नाही, आणि ते बरोबरच आहे. आवारातल्या कॅफेत सुलेमानी चहा घ्या. थकला असाल तर मात्र तीनपैकी हीच संध्याकाळ सोडा.

एकटीच्या परतीचं सांगते. लोकलने आलात तर रात्री लेडीजच्या ज्या डब्यात पोलीस दिसेल त्यातच चढा. मी अकरा-साडेअकराला कायम तशीच येते.

रविवारी एकदा झोपमोड करा. पाचला दादरच्या फुलबाजारात जा, पश्चिमेला पुलाच्या आसपास. झेंडूचे ढीग, ओल्या गोणपाटातली शेवंती, निशिगंधाच्या जुड्या, आणि डोक्यावर करंडी घेतलेला माणूस मागून ओरडत आला की बाजूला व्हायचं. चांगल्या चपला घालू नका, पायाखाली सगळा चिखल असतो.

मग दहाला भायखळ्याच्या राणीबागेत डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय. हे 1872 मध्ये लोकांसाठी उघडलं. आत गेल्यावर आधी नुसतं छताकडे बघा, मग खालच्या काचेच्या कपाटांतल्या मातीच्या छोट्या मूर्ती एकेक करून पाहा. पगड्यांचे प्रकार, नेसण्याच्या तऱ्हा, कारागीर. बाहेर घारापुरीचा दगडी हत्ती आहे. ज्याच्यावरून पोर्तुगिजांनी बेटाला एलिफंटा नाव दिलं तोच. इंग्रज तो विलायतेला न्यायला निघाले होते, उचलताना तो पडून फुटला, आणि ते तुकडे पुढे इथे जोडून उभे केले.

आणि शनिवारचं नाटक डोक्यात ताजं असतानाच हे संग्रहालय बघा, असं मी मुद्दाम म्हणतेय. मराठी नाटकाचे जनक मानले जाणारे विष्णुदास भावे 1853 मध्ये सांगलीहून आपली नाटकमंडळी घेऊन मुंबईत आले, तेव्हा त्यांच्या पाठीशी उभे राहिलेल्यांत हे डॉक्टर भाऊ दाजी होते. हे संग्रहालय उभं करायलाही तेच झटले, मुंबईतले दानशूर व्यापारी नाना शंकरशेटही होते. ग्रँट रोडच्या ज्या थिएटरात भाव्यांचे खेळ झाले, त्याची जागा नानांनीच दिलेली.

तिथून गाडीपर्यंत वेळ उरलाच तर काळा घोड्याला जहांगीर आर्ट गॅलरी सातपर्यंत उघडी असते, आत जायला पैसे नाहीत, आणि सीएसएमटी तिथून जवळच. सामान मात्र हॉटेलवरच ठेवून निघू नका, दादरला परत फिरण्यात तास जाईल.