वाचक विचारतात : रक्तपिपासू प्रेतं, एकडोळे राक्षस

प्रश्न : व्हॅम्पायर समजून उकरलेली प्रेतं खरंच ताजी दिसायची, की लिहिणाऱ्यांनी पदरचं घातलं?

उत्तर : वर्णनं बरीचशी खरी आहेत, चुकला तो अर्थ. १७१८च्या तहानंतर उत्तर सर्बिया ऑस्ट्रियाकडे गेला आणि अशा प्रकारांचे सरकारी अहवाल होऊ लागले. १७२५ साली किसिल्येवो गावात पेटर ब्लागोयेविच वारला. त्यानंतर आठवड्याभरात नऊ माणसं दगावली. पेटर रात्री येऊन गळा दाबतो, असं ती मरण्यापूर्वी सांगत होती. दहा आठवड्यांनी थडगं उघडलं, तेव्हा हजर अधिकाऱ्याने नोंदवलं : जुनी कातडी सुटून खाली नवी आलेली, नखंही नवी, तोंडात ताजं रक्त. आणि नाक थोडं झडलेलं!

हे नाकच सगळं सांगून जातं. प्रेत कुजतच होतं, फक्त सावकाश. उघड्यावर एका आठवड्यात जेवढं कुजतं, तेवढ्याला जमिनीखाली साधारण आठ आठवडे लागतात, असा न्यायवैद्यकाचा ढोबळ हिशेब आहे. म्हणजे दहा आठवड्यांचं हे प्रेत उघड्यावरच्या सव्वा आठवड्याइतकंच. कुजताना त्वचेचा वरचा थर नखांसकट सुटतो आणि खालचा ओलसर, लालसर थर नवा वाटतो. पोटात वायू साठून देह फुगतो, म्हणून तो खाऊनपिऊन धष्टपुष्ट झाल्यासारखा दिसतो. तोच दाब काळपट लाल द्रव नाकातोंडातून बाहेर ढकलतो. छातीत खुंटा ठोकल्यावर कानातोंडातून रक्त वाहिल्याची नोंद आहे, तीही याच दाबामुळे. मृत्यूंचं कारण बहुधा साथ असावी. १७५५ साली ऑस्ट्रियाची राज्यकर्ती मारिया थेरेसाने आपले वैद्य वान स्वीटन यांचा अहवाल मागवला आणि असं उकरणं-जाळणं बंद केलं.

प्रश्न : ग्रीक कथांमधला एकडोळ्या राक्षस सायक्लॉप्स हत्तीच्या कवटीवरून सुचला, हे सिद्ध झालंय का?

उत्तर : नाही. ही कल्पना १९१४ साली पुराजीवशास्त्रज्ञ ओथेनियो आबेल यांनी मांडली. सिसिलीत खांद्याशी जेमतेम मीटरभर उंचीच्या बुटक्या हत्तींचे अवशेष मिळतात. कवटीत सोंडेचं भोक मधोमध असतं, ते एकाच डोळ्याच्या खोबणीसारखं दिसतं आणि खऱ्या डोळ्यांच्या खोबणी बाजूला असल्याने चटकन लक्षात येत नाहीत. तर्क देखणा आहे, पण कवटी पाहून ही कथा रचल्याचं एकाही प्राचीन ग्रीक लेखकाने लिहिलेलं नाही.

जुन्या हाडांवरून राक्षस घडल्याचा पुरावाच हवा असेल, तर ऑस्ट्रियातलं क्लागेनफुर्ट पाहा. तिथे चौदाव्या शतकात सापडलेली कवटी ड्रॅगनची मानली गेली. सोळाव्या शतकाच्या अखेरीस चौकात ड्रॅगनचा पुतळा घडवला, तेव्हा डोकं तिच्यावरून बेतलं. ती कवटी आजही जपलेली आहे : हिमयुगातल्या केसाळ गेंड्याची.

प्रश्न : दंतकथेतला अजस्र समुद्री राक्षस क्राकेन, त्याचं काय?

उत्तर : तो बऱ्याच अंशी महाकाय स्क्विड, म्हणजे माकूळ. १८५७ साली डेन्मार्कचे स्टेनस्ट्रुप यांनी मुख्यतः त्याच्या चोचीवरून त्याला शास्त्रीय नाव दिलं. खोल समुद्रातल्या जिवंत स्क्विडचे पहिले फोटो थेट २००४ साली जपानजवळ मिळाले. तो बारा-तेरा मीटरपर्यंत वाढतो. अठराव्या शतकात बिशप पोंटोपिडान यांनी क्राकेनच्या पाठीचा घेर दीड मैल लिहिला होता. तेवढं कोणत्याच प्राण्याला जमणारं नाही.