लेस्टरला जाण्याआधी: व्हिसा, कागद आणि वेळ आलीच तर

तुझा प्रश्न असा: लग्न ठरलंय, जानेवारीत इंग्लंडमध्ये लेस्टरला जायचंय, मुलगा चांगला वाटतो, पण उद्या घरात छळ, मारहाण सुरू झाली तर तिथे कुणाकडे जायचं, आणि व्हिसा नवऱ्यामुळे मिळाला म्हणून लगेच परत पाठवतात का? आई म्हणते, शुभकार्याच्या तोंडावर असलं अभद्र बोलू नये. मला विचारशील तर याच दिवसांत विचारायला हवं. मी मूळची बडोद्याच्या दांडिया बाजारातली. आता इथे इंग्लंडमध्ये एका जीपीच्या, म्हणजे फॅमिली डॉक्टरच्या, दवाखान्यात रिसेप्शनवर काम करते. नाव बायकोला विचारावं आणि उत्तर नवऱ्याने द्यावं, हे खिडकीतून नेहमी दिसतं. बहुतेकांच्या घरी सगळं ठीक असतं. काहींच्या नसतं.

तू नुसतं 'स्पाउज व्हिसा' लिहिलंस, तेवढ्याने भागत नाही. मुलगा ब्रिटिश नागरिक असेल किंवा त्याच्याकडे आयएलआर, म्हणजे कायम राहण्याची परवानगी असेल, तर छळामुळे संसार मोडल्यावर तू स्वतःच्या नावाने आयएलआरसाठी अर्ज करू शकतेस. हातात पैसेच नसतील तर फी माफ होते. अर्जाची तयारी होईपर्यंत होम ऑफिसकडे, म्हणजे ब्रिटनच्या गृहखात्याकडे, तीन महिने राहण्याची सवलत मागता येते आणि त्या काळात सरकारी भत्ते मिळतात. एरवी आपल्या व्हिसावर ते न मिळण्याची अट असते, आणि त्या अटीमुळे महिलांच्या निवाऱ्यात जागा मिळणं फार अवघड जातं.

मुलगा स्किल्ड वर्कर, म्हणजे नोकरीच्या व्हिसावर असेल आणि तू त्याची डिपेंडंट, म्हणजे त्याच्या व्हिसाच्या आधारावर आलेली, तर चित्र वेगळं. फेब्रुवारी २०२४ पासून तीन महिन्यांची ही सवलत डिपेंडंट बायकांनाही मिळते, पण तिच्यातून पुढे आयएलआरचा रस्ता निघत नाही, आणि ती मिळाली की आधीचा व्हिसा संपतो. त्यामुळे वकिलाशी बोलल्याशिवाय तो फॉर्म भरायचा नाही. वकील म्हणजे नोंदणी असलेला. 'आमचे एक काका व्हिसाची कामं करतात' हे इथे चालत नाही; नोंदणीशिवाय इमिग्रेशनचा सल्ला देणं हा गुन्हा आहे.

आता कागद. पूर्वी इथे प्लॅस्टिकचं कार्ड असायचं, आता ई-व्हिसा. म्हणजे तुझा व्हिसा एका ऑनलाइन खात्यात राहतो. लग्नाच्या धावपळीत फॉर्म मुलाकडचे भरतात आणि ईमेल, मोबाइल नंबर त्याचाच टाकतात. हे होऊ देऊ नकोस. खातं तुझ्या ईमेलवर आणि पासवर्ड तुझ्याकडे हवा. नाहीतर नोकरी किंवा भाड्याचं घर मिळवताना लागणारा शेअर कोड, म्हणजे व्हिसा दाखवायचा ऑनलाइन नंबरसुद्धा, त्याच्याकडे मागावा लागेल. पासपोर्ट आणि लग्नाच्या दाखल्याचे फोटो आईला पाठवून ठेव. दागिने बडोद्यात, तुझ्या एकटीच्या नावाच्या लॉकरमध्ये राहू देत. यादी आणि फोटो काढून ठेव. स्त्रीधन तुझंच असतं, पण यादी नसली की वाद घालत बसावं लागतं.

मारलं नाही म्हणजे छळ नाही, असं इथला कायदा मानत नाही. पगार काढून घेणं, फोन तपासणं, माहेरी बोलू न देणं, पासपोर्ट लपवणं, असं सतत चालू असेल तर इंग्लंडमध्ये २०१५ च्या कायद्याने तो गुन्हा आहे.

जिवावर बेतलं तर ९९९, म्हणजे इथला तातडीचा नंबर, मागचापुढचा विचार न करता. बोलता येत नसेल तर मोबाइलवरून लावून सूचना ऐक आणि सांगितल्यावर ५५ दाब. मात्र त्याने तुझा पत्ता आपोआप कळत नाही. तितकी घाई नसेल तर आधी एखाद्या संस्थेशी बोल, कारण पोलिसांकडून माहिती इमिग्रेशनकडे जाऊ शकते. ०८०८ २००० २४७ ही राष्ट्रीय हेल्पलाइन, फुकट, चोवीस तास. लंडनची साउथॉल ब्लॅक सिस्टर्स ही संस्था १९७९ पासून आपल्यासारख्या बायकांसाठी काम करते आणि त्यांना व्हिसाची गुंतागुंत नीट कळते. मारापासून संरक्षण देणाऱ्या कोर्टाच्या आदेशाला फी नाही, आणि उत्पन्न कमी असेल तर त्यासाठी सरकारी खर्चाने वकीलही मिळतो.

दुभाषा मागायला लाजू नकोस. लेस्टरमध्ये गुजराती दुभाषा लगेच मिळतो आणि आपल्याला गुजराती येतंच. पण आपल्या लोकांचं वर्तुळ लहान, सगळे एकमेकांना ओळखतात. म्हणून दुसऱ्या शहरातला, फोनवरचा दुभाषा माग. डॉक्टरकडेही एकटी जा आणि जे घडलं ते सांग. त्याची नोंद होते, पुढे ती पुरावा म्हणून उपयोगी पडते.

एक प्रकार मुद्दाम सांगते. 'चल, बडोद्याला फिरून येऊ' म्हणून आणायचं, पासपोर्ट घेऊन एकट्यानेच परत जायचं. नवरा नागरिक किंवा आयएलआरवाला असेल तर ३१ जानेवारी २०२४ पासून अशा सोडून दिलेल्या बाईला भारतातूनच परत येण्यासाठी अर्ज करता येतो. डिपेंडंटला नाही. बडोद्यात असताना १८१ अभयमला, म्हणजे गुजरातच्या महिला हेल्पलाइनला, फोन कर. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून वकील फुकट मिळतो, बाईला उत्पन्नाची अटही नाही. सुरसागराजवळच्या न्यायमंदिरात जाऊ नकोस, कोर्ट आता दिवाळीपुऱ्याला गेलंय. छळ लेस्टरला झाला म्हणून केस तिथेच, असंही नाही. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्यात तू राहतेस तिथल्या कोर्टात अर्ज चालतो, मुक्काम तात्पुरता असला तरी.

आईला सांग, विमा काढला म्हणून कुणी मरत नाही. आणि मुलाला सरळ विचार: तुझ्याकडे नक्की कोणता व्हिसा आहे, कधीपर्यंतचा? तो काय म्हणतो ते कळव, म्हणजे वरच्यातलं तुला काय लागू होतं ते नेमकं सांगता येईल.