सस्टेनॅबिलिटीत मास्टर्स करायचंय? आधी मोजायला शिक

तुझा प्रश्न थोडक्यात असा: सिव्हिलची पदवी झाली, पीथमपूरच्या कारखान्यात नोकरी चालू आहे, आणि आता सस्टेनॅबिलिटी आणि ग्लोबल चेंज मॅनेजमेंटमध्ये मास्टर्स करावंसं वाटतंय. जर्मनी की भारत, पुढे नोकरी मिळते का, आणि बाबा एमबीएवर अडून बसलेत त्यांना काय सांगायचं. मी इंदूरच्या आसपासच्या कारखान्यांची ऊर्जेची आणि पाण्याची कामं बरीच वर्षं बघते आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

नोकरीचं आधी बोलू, कारण बाबांचा खरा प्रश्न तोच आहे, फक्त ते त्याला एमबीए म्हणतात.

या क्षेत्रात पगार कोण देतं हे समजलं की निम्मा गोंधळ मिटतो. शेअर बाजारावर देखरेख करणाऱ्या सेबीने 2021 मध्ये बीआरएसआर नावाचा अहवाल आणला आणि 2022-23 पासून तो शेअर बाजारातल्या पहिल्या हजार कंपन्यांना सक्तीचा केला. वीज किती, पाणी किती, कचरा किती, कार्बन किती, सगळं लिहून द्यायचं. दुसरा रेटा युरोपातून येतो. तिथल्या सीबॅम नावाच्या, आयात मालाच्या कार्बनवर शुल्क लावणाऱ्या नियमाखाली ऑक्टोबर 2023 पासून आयातदारांना मालामागच्या कार्बनची माहिती द्यावी लागत होती, जानेवारी 2026 पासून त्याचा पैशातला हिशोब सुरू झाला. सिमेंट, खत, ॲल्युमिनियम, हायड्रोजन, वीज आणि लोखंड-पोलाद त्यात येतं. पोलादात साधे नट-बोल्टही येतात, आणि इथेच आपल्या भागातला छोटा कारखानदार सापडतो.

असा एक बोल्टवाला डोळ्यांपुढे आण. युरोपातल्या गिऱ्हाइकाची ईमेल येते, सोबत एक्सेलची भलीमोठी शीट. अकाउंटवाला विजेच्या बिलांची फाइल काढतो, जनरेटरच्या डिझेलचं रजिस्टर काढतो, भट्टीच्या गॅसची बिलं काढतो. इथपर्यंत ठीक. मग ओळ येते वायर रॉडची, म्हणजे ज्यापासून बोल्ट बनतो त्या पोलादी सळीची: हे पोलाद कुठल्या प्रक्रियेने बनलं? लोहखनिजापासून ब्लास्ट फर्नेसमध्ये केलेल्या एक टन पोलादामागे दोन टनांहून जास्त कार्बन डायऑक्साइड जातो, भंगार वितळवून केलं तर बराच कमी. बोल्टचा बहुतेक कार्बन या एकाच ओळीत असतो, आणि माल घेतलाय डीलरकडून, मिलच्या सर्टिफिकेटवर फक्त हीट नंबर (वितळवलेल्या घाण्याचा क्रमांक) आणि रासायनिक घटक. मालक म्हणतो, भरून टाका काहीतरी. त्या क्षणी ज्या माणसाला ‘काहीतरी’ भरायचं नसतं, डीलरमार्गे मिलपर्यंत पोचायचं असतं, आणि तोवर कुठला आकडा कशाच्या आधारे धरला ते लिहून ठेवायचं असतं, त्याला काम मिळतं. एसडीजीच्या, म्हणजे संयुक्त राष्ट्रांच्या शाश्वत विकासाच्या उद्दिष्टांच्या, सतरा रंगीत चौकटींचा स्लाइड शो करणारे आता पैशाला पासरी झालेत.

म्हणून पहिला सल्ला हा की हिशोब पक्का कर. सिव्हिलवाल्यांना पाण्याचा हिशोब जमतो, तिथून सुरुवात कर. इंदूरला तुमच्या घरी नळाला नर्मदा येते. ती नदीकाठच्या जलूदहून येते, सुमारे सत्तर किलोमीटरवरून, घाट चढून. इंदूर समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरच्या आसपास, जलूद त्याहून साधारण चारशे मीटर खाली. हजार लिटर पाणी नुसतं चारशे मीटर वर उचलायला भौतिकशास्त्राच्या नियमाने एक युनिटहून किंचित जास्त वीज लागते. पाइपातलं घर्षण, पंपाची कार्यक्षमता, मधला घाटमाथा धरलास की दीड-दोन युनिटांवर जातं. आपल्या ग्रिडची वीज युनिटमागे साधारण 0.7 किलो कार्बन डायऑक्साइड सोडते. म्हणजे गच्चीवरची हजार लिटरची टाकी भरली की किलोभराहून जास्त कार्बन. महापालिकेने फेब्रुवारी 2023 मध्ये 244 कोटींचे ग्रीन बाँड (पर्यावरणाच्या कामासाठीचे कर्जरोखे) काढले ते याच पंपिंगसाठी जलूदला 60 मेगावॉटचा सौर प्रकल्प उभारायला. आता तू स्वतः विचार कर: रात्री पंप चालतात तेव्हा काय? गळती थांबवली तर किती मेगावॉट कमी लागतील? असा एक धागा ओढत नेता येणं हीच या विषयातली खरी तयारी आहे.

पण मोजता आलं म्हणजे झालं असंही नाही. कोर्सच्या नावात जो ‘चेंज’ आहे तो फक्त हवामानाचा धरू नकोस, माणसांचाही आहे. इंदूरच्या देवगुराडियाचा, ओल्या कचऱ्यापासून गॅस करणारा बायो-सीएनजी प्रकल्प फेब्रुवारी 2022 मध्ये सुरू झाला, रोज 550 टन ओला कचरा पचवायच्या क्षमतेचा. बाहेरगावचे पाहुणे टाक्या आणि यंत्रं बघून जातात. ती यंत्रं चालतात ती घराघरांत ओलं-सुकं वेगळं होतं म्हणून. गाडी दारात आली की सॅनिटरी पॅड वेगळं, जुने सेल वेगळे, हे अंगवळणी पडायला दारोदार फिरून बोलावं लागलं, दंड करावे लागले, आणि गाडी रोज वेळेवर यावी लागली. माझ्या मते यातली तिसरी गोष्ट सगळ्यात भारी.

याची उलटी बाजू तुझ्या कारखान्याच्या शेजारीच घडली. जानेवारी 2025 मध्ये भोपाळच्या युनियन कार्बाइडचा 337 टन कचरा पीथमपूरला जाळायला आणला तेव्हा लोक रस्त्यावर उतरले. पुढे उच्च न्यायालयाच्या देखरेखीखाली आधी चाचण्या झाल्या, आणि जूनअखेर सगळा जाळून झाला. चिमणीतले आकडे मर्यादेत होते असं अधिकारी सांगत राहिले, पण ज्यांच्या गावातून कंटेनर जाणार त्यांना आधी कोणी विचारलं होतं? चांगला अभ्यासक्रम तुला हे दोन्ही शिकवतो, चिमणीचा आकडा वाचायला आणि गावच्या बैठकीत बसायला. यातलं एकच शिकवणारा असेल तर फी कितीही कमी असो, सोडून दे.

आता कोर्स. जर्मनीत तू बघितलेला ग्लोबल चेंज मॅनेजमेंट हा एबर्सवाल्डे गावातल्या विद्यापीठाचा असणार, बर्लिनच्या ईशान्येला. वनशिक्षणाची परंपरा तिथे 1830 पासूनची, कोर्स इंग्रजीत. म्हणजे जंगल, जमीन, जैवविविधता हा पाया. तुझा ओढा कारखान्याच्या कार्बनकडे असेल तर हा कोर्स तुझा नव्हे, इंडस्ट्रियल इकॉलॉजी (उद्योगातल्या माल-ऊर्जेच्या प्रवाहांचा अभ्यास) किंवा एनर्जी बघ. पाणी आणि जमिनीकडे असेल तर मात्र सिव्हिलवाल्यांना तो छान जुळतो. सरकारी विद्यापीठ असल्याने शिकवणी फी नाही, सेमिस्टरचं वर्गणीवजा शुल्क असतं. पण ‘फुकट’ म्हणत उड्या मारू नका: व्हिसासाठी ब्लॉक्ड अकाउंटमध्ये (दरमहा ठरावीक रक्कमच काढता येते अशा खात्यात) वर्षाचे 11,904 युरो दाखवावे लागतात, आणि नोव्हेंबर 2022 पासून भारतीय विद्यार्थ्यांना एपीएसचं, म्हणजे शैक्षणिक कागदपत्रं तपासल्याचं, प्रमाणपत्र लागतं. पदवीनंतर नोकरी शोधायला 18 महिने मिळतात, तेवढ्यात जर्मन येत नसेल तर दारं कमीच उघडतात. जायचं नक्की असेल तर जर्मनचा क्लास आजपासून लाव.

भारतात टिसचा (टाटा इन्स्टिट्यूट ऑफ सोशल सायन्सेस) हवामानबदल आणि शाश्वततेचा अभ्यासक्रम समाजाच्या अंगाने जातो, दिल्लीच्या टेरी स्कूलचा क्लायमेट सायन्स अँड पॉलिसी विज्ञान आणि धोरणाच्या अंगाने. आणि बाबांसाठी एक तोड सुचवते: भोपाळच्या आयआयएफएममध्ये (इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ फॉरेस्ट मॅनेजमेंट) सस्टेनॅबिलिटी मॅनेजमेंटचं एमबीएच आहे. संस्था 1982 ची, पर्यावरण मंत्रालयाची, आणि घरून तीन-चार तासांवर. त्यांचंही समाधान, तुझंही काम. मी तुझ्या जागी असते तर हा अर्ज आधी भरला असता.

कुठेही अर्ज करण्याआधी त्या कोर्सच्या मागच्या दोन बॅचच्या प्रबंधांचे विषय मागव आणि आता पास झालेल्या दोघा-तिघांना लिंक्डइनवर गाठ. प्लेसमेंटचा तक्ता बघू नकोस, तो सगळेच छान छापतात. रोज काय काम करता ते विचार.

आणि नोकरी एवढ्यात सोडू नकोस. मालकांची परवानगी घेऊन कारखान्याची वर्षभराची विजेची बिलं, डिझेल आणि टँकरच्या पाण्याची नोंद घे, एका शीटमध्ये मांड, प्रति टन उत्पादन किती ते काढ. अर्जातल्या पत्रात ‘मला पृथ्वी वाचवायची आहे’ याऐवजी ती शीट घाल. तीन वर्षांचा अनुभव पुरा झाला की बीईईची (केंद्राची ऊर्जा कार्यक्षमता संस्था) एनर्जी ऑडिटरची परीक्षाही देता येईल, मास्टर्स झालं नाही तरी ती कामाला येते. शीट तयार झाली की इथे टाक, कंपनीचं नाव काढून. मी बघून देईन.