वाचकांचे प्रश्न : अंगठा, आकडा आणि माणूस

प्रश्न : आमच्या गावातल्या वाचन मंडळात 'आधुनिक समाज माणसाचा आकडा करतो' हे वाक्य सारखं येतं. पण आकड्याशिवाय कापूस तरी विकला जाईल का? मग तत्त्वज्ञांचा आक्षेप नेमका कशावर आहे?
– एक वाचक, यवतमाळ जिल्हा

उत्तर : मोजमापाला कुणाचीच हरकत नाही. सरकारी खरेदीत ८ टक्क्यांपर्यंत ओलावा असेल तर कापसाला पूर्ण हमीभाव, १२ टक्के ओलाव्यापर्यंत भावात कपात. हे कापसाला चालतं, कारण एका क्विंटलच्या जागी त्याच प्रतीचा दुसरा ठेवता येतो. ज्याच्या जागी दुसरं चालतं त्याला किंमत असते, ज्याच्या जागी काहीच चालत नाही त्याला प्रतिष्ठा, हा भेद जर्मन तत्त्वज्ञ इमान्युएल कांट यांनी १७८५ मध्ये केला. आजची बरीच टीका याच पायावर उभी आहे.

मात्र एवढ्यावर थांबलात तर चर्चा हवेत राहील. ॲक्सेल होनेथ या जर्मन तत्त्वज्ञांची १९९२ मधली मांडणी हाताशी घ्या. इतरांनी मानलं तर माणूस स्वतःला मानायला शिकतो, असं ते म्हणतात. हे मानणं तीन प्रकारचं : जवळच्यांची माया, कायद्याचे समान हक्क आणि आपल्या कामाची समाजाने केलेली कदर.

आता रेशन दुकान पाहा. म्हातारीचा अंगठा मशीनवर लागत नाही आणि ती रिकाम्या पिशवीने परतते. इथे हक्क डावलला गेला. त्याचा इलाज नियमात सापडतो : मोबाइलवरचा ओटीपी किंवा कार्डावरच्या दुसऱ्या कुणाचा अंगठा. पण 'तुमचा थमच खराब आहे' हे तिला चारचौघांत ऐकावं लागतं, ती इजा निराळी. वेचणी आणि निंदण करून अंगठ्याच्या रेषा झिजल्या. ज्या कामाची कदर व्हायची, तेच तिचा दोष ठरलं. ओटीपीने धान्य मिळेल, ही इजा भरून निघणार नाही. म्हणून प्रत्येक उदाहरणाला आधी विचारा, तिन्हींपैकी तुटलं काय? हे वेगळं केलं नाही, तर चर्चा तक्रारअर्जावर तरी संपते, नाहीतर नुसत्या हळहळीवर.

प्रश्न : आजचा माणूस स्वतःच स्वतःला राबवतो, असं जर्मनीतले तत्त्वज्ञ ब्युंग-चुल हान म्हणतात. शेतमजुराला हे लागू पडतं का?

उत्तर : फारसं नाही. हान यांचं २०१० मधलं निदान 'मला सगळं जमलंच पाहिजे' या आतल्या हुकमाने दमलेल्या माणसाचं आहे. रोजीने निंदायला जाणाऱ्या बाईवर हुकूम बाहेरून येतो. स्पर्धा परीक्षेत नापास होऊन सगळा दोष स्वतःच्याच माथी घेणारा तिचा मुलगा मात्र हान यांच्या वर्णनात नेमका बसतो.