गट पाडले तर संघ फुटेल का?

चर्चच्या तरुण संघाचं काम बघणारी मुलं माझ्याकडे येतात, तेव्हा पहिली तक्रार बहुतेक झोपेची असते. हाही झोपेचंच सांगत आला. वय सत्तावीस, पुण्यात खराडीला आयटीत नोकरी, आणि दर शनिवारी संध्याकाळी कॅम्पातल्या एका चर्चच्या हॉलमध्ये तरुण संघ. (त्याची परवानगी घेतली आहे, ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.) शुक्रवारची रात्र जागून जाते, म्हणाला. उद्या कोण येईल, आलेले बोलतील का, नाही बोलले तर आपण काय बोलायचं.

संघात पंचवीसेक जण. गिटार आहे, गाणी जोरात होतात, मग बायबलचं वचन, मग हा विचारतो, "कुणाला काही शेअर करायचंय?" आणि हॉलमधला पंखा ऐकू यायला लागतो. ठरलेले दोघं-तिघं बोलतात. शेवटी प्रार्थना, चहा, घरी. चर्चच्या पाळकसाहेबांनी सुचवलं होतं, छोटे गट करून बघ. याला त्याचीच धास्ती. "मॅडम, गट पाडले की संघ फुटणार. आमच्यात आधीच गट आहेत."

हे वाक्य मी गेल्या काही वर्षांत इतक्या जणांकडून ऐकलंय की त्यावर लिहायचं ठरवलं.

मी त्याला कागद दिला आणि म्हटलं, गेल्या शनिवारी जे एक अक्षरही बोलले नाहीत त्यांची नावं लिही. अकरा झाले. त्यांतल्या दोघांची नावं त्याला आठवेनात. वर्षभर येतायत ती मुलं. तो बराच वेळ पेन धरून बसला.

मग आम्ही ते "आधीचे गट" मांडले. कॅम्प-वानवडीची इंग्लिश मीडियमची मुलं एकत्र बसतात, येरवडा-वडगाव शेरीची एकत्र. तिसरी नगर-जालन्याकडून शिक्षणाला, नोकरीला आलेली, रूम करून राहणारी. ती कुणाबरोबरच बसत नाहीत, दाराजवळच्या खुर्च्या धरतात. गप्प असलेल्या अकरांतले सात तिथले. म्हणजे गट पडलेलेच होते, आणि त्यांत या सातांना जागा नव्हती.

तो हिशेबातला माणूस, म्हणून त्याला हिशेब दिला. पंचवीस माणसांत बोलणाऱ्यांच्या जोड्या किती होतात? 300. सहा जणांत? 15. तीनशे जोड्यांच्या खोलीत माणूस भाषण करतो किंवा गप्प बसतो, मनातलं बोलत नाही. आणि बायबल त्याला माझ्यापेक्षा जास्त पाठ, तरी निर्गमचा अठरावा अध्याय त्यानं या नजरेनं वाचला नव्हता. मोशे सकाळपासून संध्याकाळपर्यंत एकटा लोकांचे तंटे ऐकत बसलाय, सासरा इथ्रो येतो, एक दिवस बघतो आणि सांगतो, तूही झिजशील आणि हे लोकही. हजारांवर, शंभरांवर, पन्नासांवर, दहांवर माणसं नेम. (सासऱ्याचा सल्ला जावयानं मुकाट्यानं ऐकल्याचा हा दुर्मीळ दाखला.)

तो उत्साहात गेला आणि पुढच्याच शनिवारी चिठ्ठ्या टाकून चार गट केले. दोन आठवड्यांत तीन बंद. एका गटात सगळे लाजरे, एकात दोन बहिणी आणि त्यांच्याशी अबोला धरलेली तिसरी, एकाचा लीडर पहिल्याच दिवशी चाळीस मिनिटं बोलला. यात माझी चूक होती, हे मान्य करते. गट का करायचे हे मी त्याच्याशी तासभर बोलले, कसे करायचे हे बोललेच नाही.

दुसऱ्यांदा आम्ही उलटीकडून सुरुवात केली. संघाचे तुकडे करायचेच नाहीत. शनिवार आहे तसा राहू दे. तू फक्त पाच जण घे आणि आठ आठवडे त्यांच्याबरोबर बस. पुढे ज्यांनी गट चालवावेत असं वाटतं तेच पाच. बोलके असलेच पाहिजेत असं नाही, ऐकणारे हवेत. छोटा गट कसा असतो हे ज्यानं अनुभवलं नाही, तो लीडर झाला की छोटं भाषणच करणार. दाराजवळच्या सातांतले दोघं यात घे, हा माझा हट्ट होता.

पहिले दोन बुधवार अवघडलेले गेले. आम्ही प्रश्न बदलले. "या वचनातून काय शिकलो?" याला बरोबर उत्तर असतं, आणि ज्याला ते येत नाही तो गप्प बसतो. मार्कच्या चौथ्या अध्यायात वादळात येशू झोपलाय आणि शिष्य त्याला उठवून विचारतात, तुला आमची काळजी नाही का? त्याऐवजी विचार, "देवाला असं विचारावंसं तुला शेवटचं कधी वाटलं?" आणि विचारून झालं की मनात वीसपर्यंत मोज, स्वतः उत्तर देऊ नकोस. तो सतरापर्यंत पोचला आणि नगरचा मुलगा बोलला. तीन महिन्यांपूर्वी त्याची नोकरी सुटली होती, घरी सांगितलं नव्हतं, मेसचे पैसे थकले होते. दर शनिवारी तो हॉलमध्ये येऊन गाणी म्हणत होता.

अठराव्या शतकातला इंग्लंडचा धर्मोपदेशक जॉन वेस्ली, त्याच्या लोकांचं असंच झालं होतं. 1742 मध्ये ब्रिस्टलला प्रार्थनामंदिराचं कर्ज फेडायचं म्हणून बारा-बारांचे वर्ग केले आणि दर आठवड्याला पेनी गोळा करायला एकेक माणूस नेमला. पैशासाठी घरी गेलेल्यांना घरात काय चाललंय ते दिसलं. त्याच्या मेथडिस्ट पंथाचे क्लास, म्हणजे छोटे गट, त्यातून उभे राहिले.

आठ आठवड्यांनंतर तीन गट झाले, घरांमध्ये. इथं दोन गोष्टींनी त्रास दिला. एक साधी: खाणं. पहिल्या घरी चहा-बिस्किट, दुसऱ्या घरी पोहे, तिसऱ्या घरी चिकन रोल. चौथं घर येरवड्यात, दोन खोल्यांचं. त्या मुलीनं आयत्या वेळी आई आजारी असल्याचं कळवलं. आई ठणठणीत होती. मग नियम केला, चहा आणि ग्लुकोज बिस्किट, कुणाच्याही घरी.

दुसरी गोष्ट गंभीर. एका मुलीनं गटात वडिलांच्या दारूबद्दल सांगितलं. चौथ्या दिवशी महिलांच्या सभेत कुणीतरी डोळे मिटून, नाव घेऊन, त्या घरासाठी प्रार्थना केली. तिच्या आईच्या समोर. मुलगी यायची थांबली. आपल्याकडे चहाडीला चहाडी म्हणतात, पण तिच्यामागे "प्रार्थनेत ठेवा" लावलं की ती सेवा होते. माझ्या अनुभवात गट भांडणांनी मोडत नाहीत, या एका सवयीनं मोडतात. त्यानं त्या मुलीच्या घरी जाऊन माफी मागितली, गटातल्या कुणीतरी सांगितलं हे कबूल केलं. तेव्हापासून प्रत्येक बैठकीच्या सुरुवातीला एकच वाक्य म्हणतात: "इथलं इथंच, दुसऱ्याचं प्रार्थनेतही नाही."

याला दोन अपवाद, आणि ते गटाला पहिल्या दिवशीच सांगायचे. अठरा वर्षांखालच्या कुणावर लैंगिक अत्याचार झाल्याचं कळलं तर ते गुपित राहत नाही. 2012 च्या पॉक्सो कायद्यानं पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे, चर्चच्या कमिटीत मिटवायचं नाही. आणि कुणी जिवाचं बरं-वाईट करायचं बोललं तर त्याला एकटं सोडायचं नाही, घरच्या माणसाला सांगायचं, टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनला 14416 वर फोन करायचा. लीडरनं डॉक्टर व्हायचं नाही. शाळकरी मुलांचा गट वेगळा, घरात मोठं माणूस हजर, दार उघडं. आठ वाजता मुलगी घरी हवी म्हणणाऱ्या आईशी वाद घालू नये. बैठक सहाला घ्यावी.

मग संघ फुटला का? शनिवारी आता अठरा-वीस येतात, पूर्वीपेक्षा कमी. पाळकसाहेबांना ते खटकलं. त्यानं त्यांना तीन गटांचे आकडे मिळवून दाखवले, तर एकोणतीस भरले; नगरच्या मुलाचे दोन रूममेट त्यात होते, जे चर्चमध्ये अजून आलेले नाहीत. ती वडिलांच्या दारूबद्दल बोललेली मुलगी मात्र परत आली नाही.

आमची शेवटची भेट पावसात झाली. छत्री दाराशी ठेवता ठेवता म्हणाला, "वानवडीचा गट बंद पडला, मॅडम. परीक्षा आहेत सगळ्यांच्या. जूननंतर बघू." मी झोपेचं विचारलं. "कसली झोप?" म्हणाला, आणि मग त्याला आठवलं.