डोमकळी बाबाले दिसते, मले काहून नाही?

दिग्रस तालुक्यातल्या एका कास्तकार भाऊंचं पत्र आलंय. पोरगी बारावी सायन्स, नीट दोनदा दिली, दोन्ही वेळा सीट हुकली, क्लाससाठी काढलेलं कर्ज अजून फिटलं नाही. आता ती म्हणते मानसशास्त्र घेऊन बीए करते, पुढे प्रोफेसर होते, माणसाला दिसतं कसं यावर रिसर्च करते. भाऊ विचारतात, "तिसऱ्यांदा नीट द्यायला लावू का नर्सिंगला टाकू? येड्यांची डॉक्टर होऊन काय करन ते?"

भाऊ, मार्कांचं नंतर बघू. पत्रात तुम्ही सहज एक ओळ लिहून गेलात, "पंधरा दिवस झाले घरात कोणी तिच्याशी बोलत नाही, जेवणही कमी झालं तिचं." मी तिथेच अडकलो. कर्जाचा घोर तुम्हाला आहे हे समजते मला, पण क्लासचा हट्ट तुमचा होता, तिनं मागितला नव्हता, हेही तुम्हीच लिहिलंय, मग अबोल्याची शिक्षा तिला काहून? दोन वर्षं खोलीत कोंडून अभ्यास केलेल्या पोरीला घरी आल्यावर कोणी चहा घे म्हणत नसेल तर ती कुठं जाईल हो? आज संध्याकाळी तिच्या शेजारी बसून जेवा, नीटचं नाव न काढता. झोप-जेवण तसंच राहिलं तर 14416 ला फोन लावा, टेलिमानसची सरकारी लाइन आहे, पैसे लागत नाहीत, मराठीत बोलता येते.

तिसरी नीट नको, स्पष्ट सांगतो. नर्सिंग चांगलं काम आहे, पण ज्याला मनापासून करायचं त्यानं करावं. पोरीला कुठं "टाकायचं" नसते.

आता येड्यांच्या डॉक्टरचं. आजारी मनावर उपचार ही मानसशास्त्राची एक शाखा झाली, तीही मानाची. पण तुमची पोरगी म्हणते ते वेगळं आहे, डोळ्यापुढं असलेली गोष्ट मेंदूला कधी दिसते आणि कधी दिसत नाही, याचा अभ्यास. 2013 साली छापून आलेल्या अमेरिकेतल्या एका अभ्यासात 24 रेडिओलॉजिस्टना, म्हणजे स्कॅन वाचणाऱ्या डॉक्टरांना, फुफ्फुसाचे सीटी स्कॅन दाखवून त्यातल्या बारीक गाठी शोधायला सांगितल्या, आणि शेवटच्या स्कॅनमध्ये गोरिलाचं चित्र घातलं, नेहमीच्या गाठीच्या 48 पट मोठं. 20 जणांना दिसलंच नाही! नजर कुठं फिरते ते मोजणारी मशीन लावली होती, त्यात कळलं की त्यातल्या बऱ्याच जणांची नजर नेमकी त्या चित्रावरून गेली होती. लक्ष गाठींवर होतं, म्हणून बाकीचं डोळ्यांनी पाहूनही मेंदूनं घेतलं नाही. म्हणजे तुम्हाला तिला जे डॉक्टर करायचं होतं, त्या डॉक्टरांची नजर कुठं चुकते हे शोधणारे लोक मानसशास्त्रवाले आहेत भाऊ.

रस्ता साधा आहे: बीए, मग एमए, नेट म्हणजे प्राध्यापक व्हायची पात्रता परीक्षा, पीएचडी. आर्ट्सवाल्यांना आयआयटीत कोण घेते असं समजू नका, गांधीनगरच्या आयआयटीत कॉग्निटिव्ह सायन्सची, म्हणजे मेंदू पाहतो-समजतो कसा या विषयाची, एमएस्सी आहे, कुठल्याही शाखेचा पदवीधर अर्ज करू शकतो. अलाहाबाद विद्यापीठातही या विषयाचं सेंटर आहे. मात्र एक कडू गोष्ट आधीच सांगून ठेवतो, सहायक प्राध्यापकाचा मूळ पगार 57,700 पासून सुरू होतो खरा, पण पक्क्या जागा निघता निघत नाहीत आणि कित्येक नेट-सेट झालेली पोरं सीएचबीवर तासाच्या हिशोबानं राबताहेत. म्हणून इंग्रजी आणि स्टॅटिस्टिक्स पहिल्या वर्षापासून पक्कं करायला सांगा, जेआरएफ, म्हणजे नेटमध्ये वर आलेल्यांना मिळणारी संशोधनाची फेलोशिप, मिळाली तर महिन्याला 37,000 हातात येतात आणि पीएचडी घरावर ओझं न टाकता होते.

पत्राच्या खाली पेन्सिलनं बारीक अक्षरात एक ओळ आहे, तुम्ही बहुतेक पाहिली नसेल. "सर, बाबाले धुऱ्यावरून डोमकळी दिसते, मले जवळ जाऊनही दिसत नाही, काहून?" डोमकळी म्हणजे गुलाबी बोंडअळी शिरल्यानं न उमलता पीळ पडलेलं पऱ्हाटीचं, कपाशीचं फूल. पोरी, हाच तुझा विषय. पऱ्हाटी फुलावर आली की बाबांसोबत वावरात जा, दोघांनी वेगवेगळं पऱ्हाटीच्या एकाच ओळीतून चाला, कोणाला किती डोमकळ्या दिसल्या आणि किती वेळात, वहीत लिही. मग बाबांना विचार तुम्ही नेमकं काय पाहता, पाकळीचा पीळ का रंग का आणखी काही. आठ दिवस रोज कर, तुझा आकडा वाढतो का बघ, आणि ती वही मला पाठव. भाऊ, पाकिटावर पत्ता या वेळी तिलाच लिहू द्या.